दिसलं ते लिहिलं

९ एप्रिल, गुरुवार

वकीलबाईंनी सांगितलं म्हणून लिहायला बसले आहे. शाळा सुटल्यापासून मी मापांशिवाय काही लिहिलेलं नाही. छाती, कंबर, उंची, आणि कोणाचं ते. त्या म्हणाल्या, "रोज तारीख घाला आणि लिहा. ठाण्यासमोर कोण आलं, ड्यूटीवर कोण होतं, कोण काय बोललं. दिसलं ते लिहा. वाटलं ते लिहू नका, कोर्टात त्याला किंमत नसते."

बरंच झालं. मला काही वाटतच नाहीये.

तर दिसलेलं. माझा मुलगा, वय चोवीस, सामान पोचवायची गाडी चालवायचा. सोमवारी संध्याकाळी दोन पोलीस माझ्या शिलाईच्या दुकानात आले. तो तिथेच बसला होता. त्याच्या गाडीतून कोणाचा तरी चोरीचा माल गेलाय, चौकशी करायची आहे म्हणाले. तो त्यांच्याबरोबर गेला. जाताना म्हणाला, "आई, जेवायला माझ्यासाठी थांबू नका." मंगळवारी सकाळी निरोप आला, की ठाण्यातल्या जिन्यावरून पडला आणि गेला.

आता आम्ही ठाण्यासमोरच्या फुटपाथवर बसतो, त्याचा फोटो मांडून. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत, नुसतं बसायचं. तेवढ्याचीच परवानगी आहे. समोर बसून मी तो जिना शोधते. इमारत बैठी आहे.

त्याला शवागारात ठेवलंय. त्यांच्या डॉक्टरने तपासून पडल्याचं लिहून दिलं. बाहेरच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासावं म्हणून वकीलबाईंनी कोर्टात अर्ज केलाय. तोवर आम्ही ताबा घ्यायचा नाही. आईने किंवा बापाने सही करून ताबा घेतला, की लगोलग पुढचं उरकायला लावतील, आणि मग तपासायला काही उरणार नाही. "कोणी कितीही गोड बोललं तरी सही करायची नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्याशी गोड बोलायला कोण टपून बसलंय?

१० एप्रिल, शुक्रवार

आमच्या बाजूला: मी, वन्सं (ह्यांची थोरली बहीण, माझ्या आधी डबा घेऊन हजर असतात), त्याला शाळेत शिकवलेले मास्तर, कॉलेजच्या दोन मुली, आणि त्याच्या बरोबरीचे गाडीवाले, जसे मोकळे होतील तसे.

त्यांच्या बाजूला: गेटवर ढेरपोट्या हवालदार, खुर्चीत, बहुतेक वेळ डुलक्या. साहेब आत, पडदा ओढलेला. आणि बॅरिकेडपाशी एक पोलीसबाई, तिशीची असेल. पँट कंबरेत ढगळ आहे, दोन बोटं आत घ्यायला हवी. माझा हात शिवशिवला. हे वाटलेलं झालं, पण असू दे.

तिला एकच काम. थोड्या थोड्या वेळाने येते आणि म्हणते, "सरका. तिकडे सरका." सकाळी आम्ही भिंतीशी बसलो होतो, तिथून उठवून बँकेच्या पाटीखाली. बूड टेकतंय तोवर तिथून औषधांच्या दुकानाकडे. चार वाजता पुन्हा भिंतीच्या पलीकडच्या अंगाला. सतरंजी उचला, फोटो उचला, मास्तरांना उचला. वन्सं भांडायला गेल्या, "का हो, आम्ही कोणाच्या वाटेत येतो?" तर म्हणाली, "वरून ऑर्डर आहे." वर कोण बसलंय? वर नुसतं ऊन आहे. वन्संनी तिचं नाव सरकाबाई ठेवलं.

दुःखात असलेल्या माणसाला मांजरीच्या पिल्लांसारखं सात घरं फिरवायचं, ह्यात ह्यांना काय सुख मिळतं कोण जाणे. एवढं करून आज कोणाला भोवळ आली नाही, मास्तरांनासुद्धा नाही. देवाची कृपा, वन्सं म्हणाल्या.

आज एक गृहस्थ नव्याने आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात मोठा थर्मास. सगळ्यांना चहा दिला. काही वर्षांपूर्वी त्यांचा भाचा असाच ठाण्यात गेला म्हणे. माझ्याजवळ बसून म्हणाले, "ताई, तुमचं दुःख मला कळतं." मला अजून कळलेलं नाही, पण चहा गरम होता.

११ एप्रिल, शनिवार

काही विशेष नाही. चारदा सरकलो.

सकाळी जायच्या आधी दुकान उघडून एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करून दिली. तो म्हणाला, "अहो, राहू द्या, अशा वेळी." मी म्हटलं, अशाच वेळी काम लागतं. हात चालतात. शिलाई सरळ आली.

हे घरी टीव्हीसमोर बसून असतात. टीव्ही बंद असतो.

१३ एप्रिल, सोमवार

कोर्टात तारीख पडली, गुरुवारची. वकीलबाई म्हणाल्या की गुरुवारी नक्की निकाल लागेल, न्यायाधीशांनी कागद नीट वाचलेत. मी मान हलवली.

सरकाबाई आज वन्संवर खेकसली, "मागच्या गेटचं बाथरूम उघडं राहिलंय, तिकडे कोणी जायचं नाही, कळलं का? डाव्या हाताला आहे." वन्सं गेल्याच, आणि मागोमाग त्या दोन मुलीही गेल्या. कोणी अडवलं नाही. आत साबणही होता म्हणे. ह्यांचा कारभारच गलथान. बाथरूमला कुलूप लावता येत नाही आणि चालले चोर पकडायला.

थर्मासवाले चांगले बोलतात. आज त्यांनी ह्यांची चौकशी केली. "दादा दिसत नाहीत कधी?" मी सांगितलं, त्यांना ठाण्याची इमारत बघवत नाही, दिवसभर घरी एकटे असतात, नीट जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. थर्मासवाले म्हणाले, "बाप माणूस आतल्या आत झुरतो. मी जाऊन बसू का त्यांच्याजवळ घटकाभर?" मी पत्ता दिला.

आपल्या माणसांना सुचलं नाही ते परक्याला सुचलं. मास्तर मात्र थर्मासवाल्यांना विचारत होते, "ठाणं कुठलं हो? साल कुठलं?" शिक्षक म्हटला की परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

हे जेवले. दोन पोळ्या आणि भाजी. थर्मासवाले दुपारभर बसले होते म्हणे. ह्यांनी कपाटातून त्याचे लहानपणीचे फोटो काढून त्यांना दाखवले. माझ्यासमोर ते फोटो काढत नाहीत.

रात्री ताट उचलताना हे म्हणाले, "किती दिवस त्याला तिथे थंडीत ठेवायचं?"

मी म्हटलं, गुरुवारपर्यंत.

म्हणाले, "त्याला झोपेत पांघरूण फेकायची सवय आहे."

मी म्हटलं, मेलेल्याला थंडी वाजत नाही. असं बोलायला नको होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच त्याला तिथे नेऊन ठेवलंय. मी भांडी घासली. सगळी घासून झाल्यावर पुन्हा घासली. वन्सं म्हणाल्या, "अगं, ती बिचारी काय आरोपी आहेत का?" मी हसले. किती दिवसांनी हसले आणि ते भांड्यांवर.

१५ एप्रिल, बुधवार

ऊन फार. रस्त्यावरच्या कुत्र्यांनासुद्धा चालवत नव्हतं. आम्हाला आज पाचदा सरकवलं, शेवटी औषधांच्या दुकानाच्या छपराखाली कोंबलं. दुकानदार म्हणाला, "बसा, मला काही त्रास नाही, त्या मॅडम कालच विचारून गेल्या." म्हणजे आम्हाला कुठे कुठे हाकलायचं ह्याची तयारी आदल्या दिवशी करते. एवढी मेहनत चोराच्या मागे केली असती तर.

साहेब आज एकदा बाहेर आले. गाडीत बसताना त्यांनी फोटोकडे बघितलं नाही. मोबाईलकडे बघितलं. शर्ट मापाचा आहे.

थर्मासवाल्यांनी विचारलं, उद्या वकीलबाई किती वाजता कोर्टात उभ्या राहणार, निकाल किती वाजेपर्यंत येईल. मी सांगितलं, सकाळी ऐकणार आहेत, दुपारी लेखी मिळेल. ते म्हणाले, "देव करो आणि चांगलं होवो."

संध्याकाळी मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्या गृहस्थांनी तुम्हाला भाचा सांगितला ना? मला धाकटा भाऊ सांगितला." मी म्हटलं, मास्तर, दुःखात माणूस गोंधळतो. मीच काल गिऱ्हाइकाला माझ्या मुलाचं वय चुकीचं सांगितलं. संशयाला औषध नसतं.

अजून रडू आलेलं नाही. बायका माझ्याकडे बघून कुजबुजतात. त्यांचंही बरोबर आहे, मीही कुजबुजले असते.

१६ एप्रिल, गुरुवार

फुटपाथवर बसूनच लिहिते आहे. वकीलबाई कोर्टात गेल्यात. वन्संना ह्यांचं जेवण बघून यायला घरी पाठवलं. थर्मासवाले आज अजून आलेले नाहीत. नेमकं आजच. तब्येत बरी नसेल.

लिहिण्यासारखी गोष्ट घडली. सरकाबाई आली. मी फोटो उचलायला लागले, तर म्हणाली, "राहू द्या." मग माझ्याकडे न बघता, रस्त्याकडे तोंड करून म्हणाली, "बाई, आज घरी जा."

मी विचारलं, "वरून ऑर्डर का?"

"नाही."

"मग?"

"मालक घरी एकटे असतात ना तुमचे. घरी जा. आत्ता जा."

माझ्या घरात कोण एकटं असतं हे पोलिसांना माहीत आहे. माझा मुलगा गिळून पोट भरलं नाही, आता नवऱ्यावरून धमकावतात. मी म्हटलं, "परवानगी आहे आम्हाला. दिवस मावळेपर्यंत हलणार नाही. काय करायचं ते करा." ती अजून काही बोलणार होती, पण गेटवरून हवालदाराने हाक मारली. ती गेली. जाताना दोनदा वळून बघितलं.

दिसलं ते लिहिलं आहे: ड्यूटीवरच्या पोलीसबाईने धमकी दिली. वकीलबाईंच्या उपयोगी पडेल.

तीच तारीख, दुपार. घर, आतली खोली

दाराला आतून कडी आहे. शिवणाचं मशीन ओढून दाराला लावलंय. आत मी, वन्सं आणि तो. बाहेर बरीच माणसं आहेत. आता क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

वन्संचा फोन आला, "अगं, असशील तशी ये. तुझ्या नवऱ्याने सही केली. गाडी दारात आली आहे." मी धावत आले नाही. चालतच आले. पाय धावले नाहीत.

घरी सगळं तयार होतं. माणसं ठरवलेली, गाडी ठरवलेली, पुढची जागा आणि वेळ ठरवलेली, चार वाजताची. थर्मासवाले दारात उभे राहून ह्याला त्याला कामं सांगत होते, घरच्या कार्यासारखी. सकाळी तेच ह्यांना गाडीत घालून शवागारात घेऊन गेले होते. हे ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "घरी आणलं गं त्याला." एवढंच म्हणाले. आनंद म्हणता येणार नाही, पण असं तोंड मी त्यांचं तो जन्मला तेव्हा बघितलं होतं. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही.

मी वकीलबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अहो, आपल्या बाजूने झालंय. पुन्हा तपासणीचा आदेश दिलाय, टाईप होतोय. कागद हातात आला की डॉक्टरांना घेऊन निघते. तोवर त्याला कुठेही नेऊ देऊ नका. काहीही करा."

मी आत गेले. तो पांढऱ्या कापडात होता, पायापासून डोक्यापर्यंत शिवलेला. टाके बघितले. जाड दोरा, लांब लांब टाके, घाईतले. मी म्हटलं, "मला माझ्या मुलाला कपडे घालायचेत. सगळे बाहेर व्हा."

थर्मासवाले पुढे आले. हात जोडून म्हणाले, "ताई, नका उघडू. आतलं तुम्हाला बघवणार नाही."

मी विचारलं, "आत काय आहे ते तुम्हाला काय माहीत?"

थर्मासवाल्यांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग दाराकडे. तेव्हा मला सगळं कळलं. भाचा कळला, धाकटा भाऊ कळला, चहा कळला. पत्ता मी दिला होता. हे एकटे असतात ते मी सांगितलं होतं. निकाल कधी लागणार तेही मीच. माणूस स्वतःच्या हाताने किती करू शकतो. सकाळी ती बाई घरी जा म्हणाली तेव्हा निघाले असते तर ह्यांचा हात धरायला वेळेवर पोचले असते. मी तिला धमकी म्हणून लिहून ठेवलं. वरचं खोडत नाही. वकीलबाई म्हणाल्या होत्या, एकदा लिहिलेलं खोडू नका. खाली खरं काय ते लिहिते: ती धमकी नव्हती.

आणि सतरंजी जिथे जिथे सरकवली तिथे तिथे सावली होती. हेही आत्ता कळतंय. लिहिताना.

मी वन्संना आत ओढलं आणि कडी लावली. उसवणीने टाके उसवले. इतकी वर्षं लोकांचे टाके उसवले, हात एकदाही कापला नाही, आजही कापला नाही. वन्सं तोंडात पदर धरून भिंतीशी बसल्या आहेत. बोलत नाहीत. त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदा बघते आहे.

दिसलं ते असं. जाताना अंगात मी शिवलेला निळा शर्ट होता, तो नाही. मनगटं दोन्ही सोललेली, गोल. डाव्या हाताची दोन बोटं सुजलेली, नखं काळी. पाठीवर आणि मांड्यांच्या मागे रुंद पट्टे, एकावर एक. तळपाय दोन्ही काळेनिळे, टाचेपासून बोटांपर्यंत. डोक्याला जखम नाही. मी केस बाजूला करून सगळीकडे बघितलं.

जिन्यावरून माणूस तळपायांवर पडत नाही. हे दिसलेलं आहे की वाटलेलं, ते वकीलबाईंनी ठरवावं.

फोटो काढले आहेत. वन्संच्या मोबाईलवर वकीलबाईंना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, निघालेय, डॉक्टर बरोबर आहेत, दार उघडू नका.

मग मी त्याच्या अंगावर चादर घातली. तळपाय उघडे राहत होते. चादर खाली ओढली तर खांदे उघडे पडत होते. तो लांब होता, त्याला कुठलीच चादर पुरायची नाही. तिथे मला रडू आलं. बराच वेळ आलं. वाटलेलं लिहायचं नव्हतं, पण हे लिहिते. खोडायचं असेल तर दुसऱ्या कोणी खोडावं.

बाहेर आधी थर्मासवाले दार वाजवत होते. मग शेजारी. मग हे आले. हे दाराला कपाळ लावून उभे असावेत, आवाज फार जवळून आला. म्हणाले, "चार वाजायला आले, ते लोक घाई करतायत. मी काय सांगू त्यांना?" मी दाराशी जाऊन म्हटलं, "त्याचे पाय बघितले मी. तुम्ही बघायचे नाहीत. दारात बसा आणि कोणाला येऊ देऊ नका." मग दाराला पाठ टेकून खाली बसल्याचा आवाज आला. तिथेच आहेत. कोणीतरी त्यांना उठा म्हणालं, ते उठले नाहीत.

आत्ता गाडी थांबल्याचा आवाज आला. बूट. साहेबांचा आवाज मी ओळखते. "आत बायका आहेत ना, मग लेडीज पुढे व्हा. दार उघडून घ्या."

दार वाजलं. सरकाबाईचा आवाज, मोठा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा: "बाई, दार उघडा. पोलीस."

ह्यांचा आवाज आला, "मी उठणार नाही." ती म्हणाली, "काका, नका उठू." मग दाराच्या फटीशी काहीतरी घासलं, गणवेशाचं कापड असावं, आणि तिचा आवाज अगदी खाली आला. तो फक्त मला आणि ह्यांना ऐकू आला असेल.

"उघडायचंच आहे, बाई. पण सावकाश उघडा."

पुन्हा मोठ्याने, "दार उघडा, ऐकू येतंय ना?" आणि पुन्हा ठोठावलं. जोरात नाही.

म्हणून सावकाश लिहिते आहे. वन्सं खिडकीच्या फटीतून रस्ता बघतायत. वकीलबाई अजून दिसत नाहीत. दार वाजतंय. उघडते, उघडते, असं मी मधूनमधून म्हणते आहे.